तिजोरीतल्या दोन अंगठ्या

युक्रेनवरच्या आक्रमणामुळे बाहेर ठेवलेल्या रशियाच्या संघांना आंतरराष्ट्रीय मैदानावर परत घ्यावं की नाही, हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो आणि दर वेळी एकाच वाक्यापाशी येऊन थांबतो: ‘खेळात राजकारण आणू नका.’ आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामना ठरला की हेच वाक्य कोणीतरी म्हणतं आणि दुसरं कोणीतरी त्याच्याकडे देशभक्तीचा दाखला मागतं. पुढे बोलणं होतच नाही. मला राग येतो तो या वादातल्या एका गृहीतकाचा. दोन्ही बाजू धरून चालतात की राजकारण ही खेळाडूच्या मर्जीची गोष्ट आहे. वाटलं तर त्याने सोबत आणावं, नाहीतर दाराबाहेर ठेवावं. पहिली बाजू त्याला सांगते, आणू नकोस. दुसरी सांगते, आणलंच पाहिजेस. माझं म्हणणं असं की ज्याच्या गावावर तोफा चालून आल्या, त्याला ही निवड कधी मिळतच नाही. तटस्थ राहता येणं ही सुरक्षित माणसाची सोय आहे, आणि आपली सोय दुसऱ्यावर नियम म्हणून लादणं अन्यायाचं आहे. हे नुसतं तत्त्व म्हणून मांडण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यावरून मांडतो.

तो युक्रेनचा बास्केटबॉलपटू, नाव स्तानिस्लाव मेद्वेदेंको. अमेरिकेत सगळे त्याला स्लावा म्हणत. जन्म १९७९ चा, कीव प्रांतातल्या करापिशी गावातला. चेर्नोबिल याच प्रांतात येतं. तिथली अणुभट्टी फुटली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि सोव्हिएत संघ मोडला तेव्हा बारा. म्हणजे हवा, पाणी, झेंडा, चलन सगळं त्याच्या शाळकरी वयातच बदललं, आणि त्यातलं काहीही त्याला विचारून झालं नव्हतं. उंची सहा फूट दहा इंच, पण फेक मात्र एखाद्या ठेंगण्या नेमबाजासारखी हलक्या हाताची. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, एकाही संघाने न निवडलेला हा मुलगा २००० साली लॉस एंजेलिस लेकर्समध्ये दाखल झाला. शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांचा तो संघ, फिल जॅक्सन प्रशिक्षक. पहिल्या हंगामात तो जवळजवळ पूर्ण वेळ बाकावरच बसून होता. तरी २००१ आणि २००२ या दोन्ही वर्षी लेकर्स विजेते ठरले आणि विजेत्या संघातल्या प्रत्येकाला मिळते ती अंगठी त्याला दोनदा मिळाली.

बाकावरच्या खेळाडूंबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. मोठी नावं सामना जिंकतात, पण हंगाम तगून राहतो तो या माणसांवर. २००३-०४ मध्ये कार्ल मलोन जायबंदी झाला, तेव्हा स्लावाने ३८ सामन्यांत पहिल्या पाचांत जागा घेतली आणि हंगामभराची त्याची सरासरी सामन्यामागे आठ गुणांच्या वर गेली. त्या वर्षी लेकर्स अंतिम फेरीत डेट्रॉइटकडून हरले. पुढे त्याच्या पाठीने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली, २००६ मध्ये लेकर्सने त्याला मोकळं केलं, अटलांटा हॉक्सकडून तो थोडे दिवस खेळला आणि थांबला. एवढीच कारकीर्द. विक्रमांच्या वह्यांत तिला फार जागा मिळणार नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता आणि कीवमध्ये राहत होता. त्याने शहर सोडलं नाही. प्रादेशिक संरक्षण दलात नाव घालून त्याने नाक्यांवर पहारा दिला. एका रात्री बायकोबरोबर तो एका उंच इमारतीच्या गच्चीवर गेला. वर आभाळात रॉकेटांचा उजेड होता. आपण मरू शकतो हे त्याला तिथे स्वच्छ कळलं, आणि मग तिजोरीत पडून असलेल्या दोन अंगठ्यांचा उपयोग काय, असं मनात आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या अंगठ्यांचा लिलाव झाला. अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम आली, आणि लिलावगृहाने ती सगळीच्या सगळी त्याच्या प्रतिष्ठानाला दिली. प्रतिष्ठानाचं काम काय, तर शाळांच्या व्यायामशाळा पुन्हा उभ्या करणं. शंभराहून अधिक शाळांच्या व्यायामशाळा बॉम्बमाऱ्यात गेल्या, असं तो त्या वेळी सांगत होता. त्याचा हिशेब सरळ होता: देशाचा पैसा सैन्यावर खर्च होणार, आणि तो व्हायलाच हवा, मग मुलांच्या खेळाचा नंबर रांगेत सर्वांत शेवटी लागणार. युक्रेनच्या हिवाळ्यात मूल बाहेर खेळू शकत नाही. छप्पर नसेल तर खेळ नाही. पुढे त्याला अंगठ्या पुन्हा मिळाल्या, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. पण तिजोरीतून काढून देताना असं काही होईल हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता सांगा, खेळात राजकारण कोणी आणलं? शाळेच्या व्यायामशाळेवर बॉम्ब टाकणाऱ्याने, की ती पुन्हा बांधण्यासाठी आपली अंगठी विकणाऱ्याने? ‘खेळात राजकारण नको’ असं म्हणणारा माणूस हे वाक्य नेहमी दुसऱ्यालाच का ऐकवतो? कारण पहिला ऐकणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. बोलणाऱ्याला गप्प करणं सोपं असतं. तटस्थतेच्या नावाने जे मागितलं जातं ते प्रत्यक्षात मार खाणाऱ्याचं मौन असतं.

युक्रेनच्या बास्केटबॉलचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला तर हे आणखी उघड होतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने शेवटच्या तीन सेकंदांत अमेरिकेला ५१-५० असं हरवलं. त्या संघात लिथुआनियाचा पाउलाउस्कास होता, जॉर्जियाचे खेळाडू होते, निर्णायक लांब पास फेकणारा एडेश्को बेलारूसचा होता, आणि अनातोली पोलिवोदा युक्रेनच्या दोनेत्स्क प्रांतातला होता. १९८८ मध्ये सोलला पुन्हा तेच: उपांत्य फेरीत अमेरिका ८२-७६ ने हरली, नंतर युगोस्लाव्हिया हरलं आणि सुवर्णपदक आलं. साबोनिस, मार्चिउलिओनिस, कुर्तिनाइतिस, होमिचिउस हे चौघे लिथुआनियाचे. कीवच्या बुदिवेल्निक क्लबमधून घडलेला अलेक्झांडर वोल्कोव आणि ओदेसात जन्मलेला बेलोस्तेन्नी हे युक्रेनचे. तरी जगाने काय म्हटलं? रशिया जिंकला. आपल्या मराठी वर्तमानपत्रांतही सोव्हिएत संघाला सर्रास रशियाच म्हणत. मॉस्कोहून येणारी स्वस्त, सुंदर छपाईची मराठी पुस्तकं ज्यांनी लहानपणी वाचली, त्यांच्या तोंडी अजूनही तोच शब्द आहे. माझ्याही होता. त्या एका शब्दाखाली किती गावं, किती भाषा झाकल्या गेल्या, याचा विचार मी फार उशिरा केला. एखाद्याचं श्रेय दुसऱ्या देशाच्या नावावर वर्षानुवर्षं जमा होणं, यात राजकारण नव्हतं का? होतं. सवयीचं झालं होतं म्हणून दिसत नव्हतं.

सोलनंतर चारच वर्षांनी, १९९२ मध्ये बार्सिलोनात, कांस्यपदकाच्या सामन्यात लिथुआनिया आपल्या स्वतःच्या नावाने उतरला. समोर होता फुटलेल्या सोव्हिएत संघाचा उरलेला संयुक्त संघ, आणि त्यात वोल्कोव. साबोनिस आणि वोल्कोव, सोलचे दोन सोबती, आता समोरासमोर. लिथुआनियाने ८२-७८ असा विजय मिळवला. युक्रेनला तेव्हा स्वतःचा संघ उतरवता आला नव्हता. झेंडा मिळालेला आणि झेंडा न मिळालेला, असे दोघे एकाच मैदानावर. हे ज्यांनी पाहिलं त्यांना ‘हा फक्त खेळ आहे’ असं कसं वाटलं असेल?

विरुद्ध बाजूचे मुद्दे पोकळ आहेत असं मी म्हणत नाही. त्यातले तीन तर मला बराच काळ छळत राहिले.

पहिला मुद्दा बहिष्कारांचा. अफगाणिस्तानातल्या आक्रमणाचा निषेध म्हणून १९८० मध्ये अमेरिकेसह साठहून अधिक देश मॉस्को ऑलिंपिकला गेले नाहीत. फौजा हलल्या? नाही, त्या १९८९ पर्यंत तिथेच होत्या. १९८४ मध्ये सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकून उट्टं काढलं. दोन्ही वेळा होरपळले ते आयुष्यातली चार-चार वर्षं एका शर्यतीसाठी घालवलेले खेळाडू. भारत मॉस्कोला गेला आणि हॉकीचं सुवर्ण घेऊन आला. आपण गेलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला आजही म्हणवत नाही. हे सगळं मान्य. पण बहिष्कार आणि बंदी यांत फरक आहे. बहिष्कारात निर्दोष खेळाडू घरी बसतो आणि आक्रमण करणारा यजमान म्हणून मिरवतो. बंदीत मिरवण्याची ती जागाच काढून घेतली जाते. १९८० चा अनुभव बंदीविरुद्ध पुरावा म्हणून देणं म्हणजे उपाय चुकला म्हणून रोगच नव्हता असं म्हणणं.

आणि बंदीचं उदाहरण समोर आहेच. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला १९६४ पासून १९९२ पर्यंत ऑलिंपिकचं दार बंद होतं. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत पोहोचला, समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि आपण खेळायला नकार दिला. अमृतराज बंधूंच्या त्या संघाला चषक जिंकण्याची खरी संधी होती. चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळताच मिळाला. ज्या देशाने ही किंमत मोजली आहे, तिथल्या माणसांनी तरी ‘खेळ वेगळा, राजकारण वेगळं’ हे इतक्या सहज म्हणू नये.

दुसरा मुद्दा सर्वांत टोकदार आहे: मग अमेरिकेचं काय? मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. २००४ मध्ये अमेरिकेचा बास्केटबॉल संघ अथेन्सला सन्मानाने खेळला. कोणी बंदीचा शब्दही काढला नाही. स्लावा स्वतः त्या दिवसांत लॉस एंजेलिसमध्ये खेळत होता. या प्रश्नाला माझ्याकडे पळवाट नाही. हा दुटप्पीपणा होता, आजही आहे, आणि आशिया-आफ्रिकेतल्या लोकांना युक्रेनबद्दलची पश्चिमेची कळकळ ऐकून जे खटकतं ते रास्तच आहे. पण त्यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? एका घरफोड्याला सोडलं म्हणून दुसऱ्यालाही सोडा, हा? की पहिल्यालाही धरायला हवं होतं, हा? करापिशीत जन्मलेल्या माणसाने बगदादचा हिशेब का चुकता करावा? दुटप्पीपणाचा आरोप खरा असला तरी तो पंचांवर आहे. मार खाणाऱ्यावर तो ढकलता येत नाही.

तिसरा मुद्दा माणुसकीचा आहे, म्हणून तो मला सर्वांत जड जातो. मॉस्कोतल्या एकोणीस वर्षांच्या खेळाडूचा गुन्हा काय? जन्म कुठे व्हावा हे त्याने ठरवलं नव्हतं. वोल्कोवचाच जन्म रशियातल्या ओम्स्कचा, तरी तो युक्रेनचा झाला, पुढे युक्रेनच्या बास्केटबॉल महासंघाचा प्रमुख झाला. जन्मगावावरून माणूस ठरत नाही. म्हणूनच एकट्या खेळाडूला, झेंड्याशिवाय, युद्धाचं समर्थन न करण्याच्या अटीवर खेळू द्यायला माझी हरकत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये पंधरा रशियन खेळाडू तसे खेळले. पण राष्ट्रीय संघ ही एकट्याची गोष्ट नाही. त्याची जर्सी सरकारची, गीत सरकारचं, जिंकल्यावर सत्काराची पंगत सरकारच्या वाड्यात. आणि रशियातल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल क्लबचं नाव तर बघा: सीएसकेए. त्या चार अक्षरांचा अर्थच मुळी ‘सैन्याचा मध्यवर्ती क्रीडा क्लब’ असा आहे. सोव्हिएत काळात खेळाडूंना लष्करी सेवेच्या निमित्ताने तिथे ओढलं जाई. वोल्कोवही सोलच्या आधी तिथे खेळला. मग २०२२ च्या वसंतात युरोपातल्या क्लबांच्या युरोलीग स्पर्धेने सीएसकेएला आणि इतर रशियन क्लबांना बाहेर ठेवलं, तेव्हा ‘निरागस खेळात सैन्य कशाला आणता’ हा प्रश्न नेमका कोणाला विचारायचा होता?

मेलबर्न ऑलिंपिकचं उदाहरण मला कोणी दिलं तर मी थोडा थांबेन. १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर काही आठवड्यांतच हंगेरीचे खेळाडू वॉटरपोलोत सोव्हिएत संघाशी खेळले आणि ४-० ने जिंकले. हंगेरीचा एर्विन झादोर डोळ्याजवळून रक्त वाहत असताना तलावातून बाहेर आला. त्या जखमी देशाला त्या विजयाने जे दिलं ते कोणत्याही बंदीने दिलं नसतं. मग त्यांना खेळू द्यावं आणि हरवावं, हा मार्ग नाही का? आहे. पण तो मार्ग निवडण्याचा हक्क हंगेरीचा होता. जगाने पाठीवर हात ठेवून ‘झालं गेलं विसरा, हस्तांदोलन करा’ असं सांगायचं आणि त्याला खेळभावना म्हणायचं, हे वेगळं. आणि त्या तलावात राजकारण नव्हतं असं म्हणायची हिंमत कोणीच करणार नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो, कारण तिथेही तितकीच चूक होते. स्लावाची गोष्ट सांगितली की काही जण लगेच तिची काठी करून बाकीच्यांना मारायला निघतात: बघा, हा खरा देशभक्त, मग अमेरिकेत डॉलर कमावणारे ते दोघे कुठे आहेत? दोघे म्हणजे अलेक्स लेन आणि स्वियातोस्लाव मिखाइल्युक. युद्ध सुरू झालं तेव्हा एनबीएत हे दोन युक्रेनी होते. दोघांनी मिळून निवेदन काढून युद्धाचा निषेध केला, आणि खेळत राहिले. लेन लुहान्स्क प्रांतातल्या अंत्रात्सितचा. गावाचं नावच दगडी कोळशावरून पडलेलं, खाणमजुरांचं गाव. २०१३ मध्ये ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर फिनिक्सने त्याला निवडलं. इतक्या वर युक्रेनचा कोणीही गेला नव्हता. वर्षभरातच, २०१४ मध्ये, ते गाव युक्रेनच्या हातातून गेलं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट गेली. २०१५ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा युक्रेनमध्ये व्हायची होती. युद्धामुळे ती काढून फ्रान्स, क्रोएशिया, जर्मनी आणि लाटव्हियात वाटण्यात आली. ऐन विशीत, घरच्या प्रेक्षकांपुढे खेळण्याची जी संधी खेळाडूला एकदाच मिळते, ती लेनच्या पिढीला मिळाली नाही. त्याने देशासाठी काय दिलं, हे आपण त्याला विचारणार?

मिखाइल्युक चेर्कासीचा. कॅन्सस विद्यापीठात चार वर्षं खेळला, आणि शेवटच्या हंगामात तीन गुणांच्या ११५ फेकी टाकल्या, त्या विद्यापीठाच्या कोणत्याही खेळाडूने एका हंगामात टाकल्या नव्हत्या इतक्या. मग संघामागून संघ बदलत २०२४ मध्ये बोस्टन सेल्टिक्सकडून विजेता झाला. स्लावानंतर ही अंगठी मिळवणारा तो दुसरा युक्रेनी. तोही बहुतेक बाकावरचाच. २०२२ मध्ये तो २४ वर्षांचा होता, टोरोंटोत. बंदूक हातात घेतलेला अननुभवी जवान म्हणून तो युक्रेनला जास्त उपयोगी पडला असता, की सप्टेंबर २०२२ मध्ये मिलानमध्ये यजमान इटलीला हरवणाऱ्या राष्ट्रीय संघातला खेळाडू म्हणून? त्या रात्री खंदकात रेडिओ किंवा मोबाइलवर तो सामना ऐकणाऱ्या कोणाला तरी विचारायला हवं. निवृत्त, ४२ वर्षांच्या, कीवमध्येच राहणाऱ्या माणसाने जे केलं ते मोठं आहे, पण ते मोजमाप होऊ शकत नाही. दान मागून घेतलं की ते दान राहत नाही, वसुली होते. स्लावाच्या दोन अंगठ्यांना किंमत आली ती कोणी मागितल्या नव्हत्या म्हणून.

आपल्या मातीतही हा धडा कधीचा लिहिलेला आहे. दलित समाजातले क्रिकेटपटू पळवणकर बाळू पुण्यात गोलंदाजी करायचे. चेंडू त्यांचा चालत होता, पण चहा मात्र त्यांना मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. त्यांनी क्रिकेटमध्ये राजकारण आणलं नव्हतं. त्यांच्या हातात ते भांडं देणाऱ्यांनी आणलं होतं. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, त्याआधी किती वर्षं ‘हा प्रश्न खेळापुरता ठेवा’ असं त्या घराला ऐकावं लागलं असेल? जो बाहेर बसून चहा पितो, त्याला आत बसलेल्यांनी तटस्थतेचा उपदेश करायचा नसतो, हे आपल्याला दुसऱ्या कोणाकडून शिकायची गरज पडू नये.

मग रशियाचा संघ परत कधी यावा? कायमचं दार लावा असं मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकाही परत आली, आणि तिचं स्वागत आपणच सर्वांत आधी केलं, नोव्हेंबर १९९१ मध्ये कोलकात्यात. पण ती आली तेव्हा तिच्या घरात काहीतरी बदलायला लागलं होतं. प्रायोजक कंटाळले, प्रेक्षकांना जुन्या लढती पुन्हा पाहायच्या आहेत, बराच काळ लोटला, ही परत येण्याची कारणं होऊ शकत नाहीत. काळ लोटल्याने अंत्रात्सित मोकळं होत नाही. तारीख ठरवायची बैठक भरेल तेव्हा टेबलाशी एक खुर्ची अशा माणसाची असावी ज्याच्या शाळेची व्यायामशाळा जमीनदोस्त झाली, आणि पहिला प्रश्न त्याला विचारला जावा: छप्पर पडलं का परत? आत मुलं खेळतात का?